दहावी-बारावीच्या वयाची मुलं घेऊन कॅरिबियन क्रूझ : कुणी केली आहे का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, सांगलीतून लिहितेय. माझे धाकटे दीर ह्यूस्टनला असतात. तुम्ही सगळे इकडे या, गॅल्व्हस्टनहून क्रूझ धरू, आठवडाभर मेक्सिको-होंडुरास फिरून येऊ, असं त्यांचं टुमणं बरेच दिवस चालू आहे. मुलं लहान आहेत, सासूबाईंचं दुखणं आहे, अडतीचा व्याप आहे, असं करत आम्ही टाळत आलो. आता टाळून चालणार नाही. मुलगी यंदा बारावीला आहे. एकदा ती बाहेर शिकायला गेली की चौघांनी मिळून कुठं जाणं अवघडच.

मुलगी एप्रिलमध्ये अठरा पूर्ण करेल. मेडिकलची नीट परीक्षा देणार आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. दीर म्हणतात नाताळात या. पण बारावीच्या पोरीला डिसेंबरात कुठं नेऊ? मे म्हटलं तर यांचे मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, आणि धाकट्याचे दहावीचे क्लास मेमध्येच सुरू होतात म्हणे.

क्रूझवरच्या व्हिडिओंत एक तर पाळण्यातली बाळं दिसतात नाहीतर पेन्शनीत निघालेली जोडपी. या वयाची मुलं तिथं करतात काय? आठवडाभर फोनमध्ये डोकं घालून केबिनमध्ये पडून राहणार असतील तर एवढा खर्च करायचा कशाला? कुणी नेली असतील तर मोकळेपणी सांगा. घरात मी एकटीच शाकाहारी आहे, तेही जाता जाता सांगा.

ह्यूस्टनचा_मिरजकर

ताई, दिरांचं ऐका, पण डिसेंबरचं तेवढं ऐकू नका.

गॅल्व्हस्टन आमच्यापासून साधारण ऐंशी किलोमीटर. नाताळच्या आठवड्यात भाडं वर्षातलं सगळ्यात चढं आणि जहाज पोराबाळांनी गच्च. त्यात हिवाळ्यात गॅल्व्हस्टनला धुकं उतरतं आणि बंदराची वाट बंद करतात. सकाळी लागायचं जहाज दुपारी लागतं, कधी त्याहून उशिरा. त्याच दिवशीचं परतीचं विमान काढलं असेल तर बसा बोंबलत. शिवाय उत्तरेचं गार वारं सुटलं की मेक्सिकोचं आखात चांगलंच हलवतं, आणि कुठंही जायचं तरी आधी तेच आखात ओलांडावं लागतं.

मे बरा. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. टेक्सासच्या शाळा मेच्या अखेरीस सुटतात, म्हणून त्याच्या आधीच्या आठवड्यांत भाडं उतरलेलं असतं. याची दुसरी बाजूही सांगतो. शाळा चालू म्हणजे जहाजावर तुमच्या मुलांच्या वयाची पोरंही कमीच भेटणार.

सात रात्रींची नेहमीची वाट म्हणजे कोझुमेल, कोस्टा माया, रोआतान. पहिली दोन मेक्सिकोत, तिसरं होंडुरासचं बेट. उरलेले दिवस नुसता समुद्र.

गावगप्पा

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आम्ही होडीतून घराबाहेर निघालो ते फुकटात. आता लाखो रुपये मोजून पाण्यात जायचं?

चेष्टा सोडा. पण ताई, मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझ जाते गोव्याला, लक्षद्वीपला. सिंगापूरहूनही क्रूझ आहेत. आधी तिथं दोन-तीन रात्री काढून बघा. पोरांना आवडतं का, तुम्हाला बोट लागते का, सगळं कळेल. एकदम सातासमुद्रापार उडी कशाला?

लाटांवरती

गावगप्पा, लागतं का ते बघायला ठीक. पण ताईंना घरचं माणूस ह्यूस्टनला आहे, हॉटेलचा खर्च वाचतोय आणि सोबत मिळतेय. हे सिंगापूरला कुठलं?

ताई, आम्ही मायामीहून गेलो होतो, तेव्हा आमचा मुलगा सोळाचा होता. तुम्ही विचारलंय ते महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या जहाजांवर सगळं वयाच्या रेघांवर चालतं. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या जहाजांवर टीन क्लब, म्हणजे मोठ्या मुलांची वेगळी जागा, बारा ते सतरा वयासाठी. कार्निव्हल कंपनीकडे त्यातही दोन भाग, बारा ते चौदा एकीकडे, पंधरा ते सतरा दुसरीकडे. वय धरतात ते जहाज सुटायच्या दिवशीचं. आणि अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर दारू एकविसाच्या पुढेच. म्हणजे अठरा ते वीस वयाची मुलं मधल्यामध्ये लटकतात. टीन क्लबवाले म्हणतात मोठी झालीस, बारवाले म्हणतात लहान आहेस. तुमची लेक एप्रिलमध्ये अठरा होऊन मेमध्ये निघाली तर नेमकी तिथं सापडते. कॅसिनो अठराला उघडतो, पण त्यासाठी काही आपण पोरीला नेत नाही!

पण यावरून घाबरू नका. नाटकं, आइस शो, कॅराओके, क्विझ, कृत्रिम लाटांवरचं सर्फिंग, वॉल क्लाइंबिंग यातलं बरंच काही सगळ्यांना खुलं असतं. रॉयलवर सोलॅरियम म्हणून एक शांत भाग असतो, तिथं सोळाच्या खालच्यांना प्रवेश नाही. बारावीच्या वर्षानंतर पोरगी तिथं आडवी होऊन पुस्तक वाचत बसली तरी पैसे वसूल समजा.

धाकट्याला मात्र पहिल्या रात्रीच टीन क्लबमध्ये ढकला. उद्या बघू, असं म्हणणाऱ्यांचं फसतं, कारण मुलांचे गट त्याच रात्री जमतात. आमचं ध्यान दारापर्यंत आलं आणि बुटाची लेस बांधायला खाली बसलं. सुटलेली नव्हतीच ती. सोडून परत बांधली. मग आतल्या मुलाने पिंग पाँगची एक बॅट काही न बोलता त्याच्यापुढं धरली, झालं. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला तो जेवायला भेटायचा तेवढाच. अठराच्या आतल्यांना रात्री एकनंतर एकट्यानं फिरता येत नाही, तेवढा नियम मात्र त्याला आधीच नीट समजावून ठेवा.

कृष्णाकाठची

लाटांवरती, लेस वाचून हसले आणि लगेच माझा धाकटाच डोळ्यापुढं आला. तोही असाच.

केबिनचं काय करावं? चौघांची एक घ्यावी की दोन? दीर-जाऊ आणि त्यांची छोटी वेगळी घेणार आहेत.

विट्याचा_गलाई

ताई, चौघं एका केबिनीत म्हणजे काय ते मी सांगतो. आमचं गाव विट्याकडं, धंदा गलाईचा, म्हंजे सोनं-चांदी गाळायचा, दुकानाच्या माळ्यावर पाच-पाच जण झोपलेली माणसं आम्ही. तरी आम्हालाबी ती केबिन बारकी वाटली! दोन पलंग खाली, दोन भिंतीतनं नाहीतर छतातनं उघडून येत्यात. पोरं लहान असली तर गंमत हाय. मोठ्या पोरीला सकाळी एकाच बाथरूमसाठी रांगेत उभं केलंसा तर चौथ्या दिवशी भांडणं ठरलेली.

आता हिशोब. त्याच केबिनीत तिसरं-चौथं माणूस स्वस्त पडतं, म्हणून एक केबिन कागदावर गोड दिसती. पण समोरासमोर दोन आतल्या बिनखिडकीच्या घेतल्या तर कैकदा एका बाल्कनीवालीच्या आसपासच पैसे जात्यात. दोन्ही भाव मागवा आणि मगच बोला. समुद्र बघायला सगळी डेक मोकळी असतीया, बाल्कनीत कोण बसतंय.

आणि जाहिरातीतल्या भाड्यावर जाऊ नका. ग्रॅच्युइटी, म्हंजे जहाजावरच्या माणसांची टीप, माणशी रोजची १६ ते २० डॉलर. १८ धरलं तर चौघांचे सात रात्रींचे ५०४ डॉलर हितंच गेले. वायफाय वेगळं, कोल्ड्रिंक वेगळं, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. हितल्या एजंटाकडनं पॅकेज घेतलंसा तर टीसीएस, म्हंजे आगाऊ टॅक्स, कापतोय. तो टॅक्स बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतोय. तुमच्या सीएला आधी सांगून ठेवा.

ह्यूस्टनचा_मिरजकर

गलाईशेठ, हिशोब पक्का. त्यात एक भर. बहुतेक अमेरिकन कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये निदान एक जण एकवीस वर्षांवरचा मागतात. आईबाप शेजारच्याच केबिनमध्ये असले तर सवलत असते, पण बुकिंग करताना हे बोलून घ्यायचं. सोपी रीत अशी की कागदावर एका केबिनमध्ये आई आणि एक मूल, दुसरीत बाबा आणि दुसरं मूल. जहाजावर चढल्यावर गेस्ट सर्व्हिसकडून खोलीची जास्तीची कार्डं करून घ्यायची आणि हवं तसं झोपायचं.

मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते किंवा खरेदी पूर्ण बंदही करता येते. व्हिडिओ गेमच्या खोलीत धाकटा किती उडवेल याचा तुम्हाला अंदाज नाही.

फोन चढल्या चढल्या एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, त्याला चुकून जोडला गेलात तर बिल बघून घेरी येईल.

पूर्णब्रह्म

शाकाहाराचं मी सांगते. उपाशी राहणार नाही, पण बुफेवर अवलंबून राहू नका. तिथं डाळ-भात, एखादी करी कधी असते कधी नसते. पहिल्या संध्याकाळी मुख्य डायनिंग रूममध्ये हेड वेटरला गाठायचं आणि सांगायचं की मला रोज भारतीय शाकाहारी लागेल. दुसऱ्या दिवसापासून वेगळं करून देतात. स्वयंपाकघरात आणि वाढपात आपली माणसं भरपूर, गोवा-कोकणची तर फारच. मराठी कानावर पडलं की आपोआप पानात एक भाजी जास्त येते.

मेक्सिकोत उतरल्यावर जपून. बीन्सची ती घोटलेली भाजी दिसायला आपल्या राजम्याच्या पिठल्यासारखी, पण परंपरेनं ती डुकराच्या चरबीत परततात. विचारल्याशिवाय खाऊ नका.

घरचा डबा, चपात्या, लाडू जहाजावर चढू देत नाहीत. सीलबंद पाकिटं चालतात, तेव्हा सांगलीचं भडंग कंपनीच्या पॅकिंगमधलं न्या, सुटं नको. अमेरिकेत उतरताना खाण्याचं सगळं जाहीर करायचं. लपवलं तर दंड. ताजी फळं, मांसाचं काही नकोच.

चहाची किटली मात्र घरी ठेवा. किटली, इस्त्री, सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं बॅग तपासताना काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. रांगेत आमच्या मागच्या काकांची इंडक्शन शेगडी गेली होती. एवढी शेगडी घेऊन माणूस क्रूझवर का येतो, हा वेगळा धागा होईल.

हजारेंचा_चाहता

सांगलीची माणसं कॅरिबियनला निघालीत आणि क्रिकेटचा अजून कुणी उल्लेखच केला नाही? अहो, विजय हजारे आपल्या सांगलीत जन्मले आणि १९५३ मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा वेस्ट इंडिजला गेला तो त्यांच्या कप्तानीत. मग १९७१. वाडेकर कप्तान, गावसकर पहिल्याच मालिकेत ७७४ धावा, आणि तिथं आपण पहिल्यांदाच मालिका जिंकली. धाकट्याला हे जुनं वाटत असेल तर २९ जून २०२४ सांगा. बार्बाडोसचं केन्सिंग्टन ओव्हल, सात धावांनी टी-ट्वेंटी विश्वचषक. त्या मैदानाचं फाटक तरी बघून या!

ह्यूस्टनचा_मिरजकर

चाहते, तुमच्या तोंडात साखर, पण गॅल्व्हस्टनच्या सात रात्रींत बार्बाडोस येत नाही. ते पार दक्षिणेला. त्यासाठी पोर्तो रिकोच्या सान हुआनहून सुटणाऱ्या क्रूझ बघाव्या लागतील. मायामीहून सात रात्रींत पूर्वेकडे सेंट थॉमस, सेंट मार्टिनपर्यंत किंवा पश्चिमेकडे कोझुमेल, केमनपर्यंत, एवढंच जमतं. आणि त्रिनिदादला गेलात तर परतताना भारतात यलो फीव्हरच्या लशीचा दाखला मागतात, हे कुणी सांगत नाही.

कृष्णाकाठची

चाहते, तुमची पोस्ट यांनी मोठ्यानं वाचली आणि आता घरात बार्बाडोस, बार्बाडोस चाललंय. मला वाटलं होतं यांना सौद्यांतून सवड काढायला गळ घालावी लागेल. आता म्हणतात मेच्या मध्यापर्यंत आवक बरीच उतरते, भाऊ बघेल दुकान. एवढं मला आजवर कधी जमलं नव्हतं.

मग मेचा मध्य धरून चालू. नीट मेच्या सुरुवातीला होते, म्हणजे ती परीक्षा आटोपून निघता येईल. बारावीचा निकाल त्याच सुमारास लागेल, तो ऑनलाइन बघता येईल. सीईटीची तारीख मात्र जाहीर झाल्यावरच तिकीट पक्कं करणार. धाकट्याच्या क्लासवाल्या सरांना काय सांगायचं ते हे बघतील.

मला बोट लागायची जरा भीती आहे. महाबळेश्वरच्या घाटात माझी काय अवस्था होते ते घरच्यांना विचारा.

स्टेथोस्कोप

घाट लागतो त्यांना जहाज लागतंच असं नाही. एवढं मोठं धूड असतं, त्यात हेलकावे रोखायला बाजूला पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. तरी केबिन घेताना खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची घ्या. टोकाला आणि वर हालचाल जास्त जाणवते. गोळी आपली ॲव्होमिनच, पण मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी, आधी घ्यावी लागते. झोप येते, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, बाकी गोळ्या चालू असतील तर नक्कीच. आणि रिकाम्या पोटी राहू नका.

प्रवास विमा काढताना त्यात क्रूझ आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च धरला आहे का हे वाचून बघा. जहाजावर दवाखाना असतो, पण फुकट नाही.

लाटांवरती

किनाऱ्यावर उतरलात की घड्याळाकडे लक्ष. जहाज चालतं जहाजाच्या वेळेवर, फोन दाखवतो तिथली वेळ. एका बंदरावर आम्ही बाहेरची टॅक्सी केली, ड्रायव्हर बापडा चांगला होता पण वाटेत रस्ता अडला. धक्क्यावर पोचलो तेव्हा आमच्यामागे एक कुटुंब अक्षरशः पळत होतं, बाबांच्या हातात चपला, आणि वरच्या डेकवरून शेकडो लोक टाळ्या वाजवत होते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः गेलात तर थांबत नाही.

ह्यूस्टनचा_मिरजकर

याला जोडून. मेमध्ये कोझुमेल आणि टेक्सासची वेळ एकच. रोआतानचं घड्याळ मात्र तेव्हा एक तास मागे. म्हणजे फोन दुपारचे तीन दाखवतोय म्हणून निवांत बसाल आणि जहाजावर चार वाजलेले असतील. एक साधं हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा, ते बदलू नका.

कृष्णाकाठची

(आईच्या आयडीवरून मी लिहितेय, तिला विचारून.)

नमस्कार, मी ती "लटकलेली" मुलगी. पूर्ण धागा वाचला. टीन क्लबमध्ये जायला मिळणार नाही याचं मला काडीचंही दुःख नाही. मला रोआतानला स्नॉर्केलिंग करायचंय, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघत पोहायचंय. तिथली प्रवाळाची रांग जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, मी वाचलंय. पोहायला येतं, तलावात शिकलेय. समुद्रात पोहण्यात फरक पडतो का?

दुसरं, केबिनमध्ये मी आईबरोबर राहणार. भाऊ घोरतो. आणि आठवडाभर निकाल, कटऑफ, मेडिकल कॉलेज यावर जेवणाच्या टेबलावर कुणी बोलायचं नाही, ही माझी अट आहे. बाबांनी मान्य केलीय, आईनं अजून नाही.

लाटांवरती

शाब्बास! समुद्रात लाट आणि ओढ असते, म्हणून तलावात कितीही येत असलं तरी लाइफ जॅकेट घालायचंच. रोआतान म्हणजे मेसोअमेरिकन रीफ, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफनंतरची मोठी. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही. सनस्क्रीन रीफला न मारणारं घे किंवा सरळ पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाल, ते उत्तम. अटीचं आईबरोबर मिटव, आम्ही मध्ये पडत नाही.

विट्याचा_गलाई

पोरी, अट लिवून घे आणि आईची सही घे.

ह्यूस्टनचा_मिरजकर

ताई, आता गप्पा पुरे, व्हिसाच्या मागे लागा. बी१-बी२ म्हणजे पर्यटक व्हिसाचा अर्ज, डीएस-१६० फॉर्म प्रत्येकाचा वेगळा, फी माणशी १८५ डॉलर. मुलाखत चौघांनाही, मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत. तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून क्रूझचे पैसे भरायच्या आधी हे. व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा, कारण जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येतं. तो असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. होंडुरासचं मात्र क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवा, एजंटाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. आणि विमान जहाज सुटायच्या निदान दोन दिवस आधी ह्यूस्टनला उतरणारं घ्या.

कृष्णाकाठची

आता आईच लिहितेय. फॉर्म आज रात्रीच उघडते. फोटो पासपोर्टला काढला तोच चालेल का? धाकट्याला आता चष्मा लागलाय.

ह्यूस्टनचा_मिरजकर

नाही चालणार. दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, गेल्या सहा महिन्यांतला. चष्मा काढून.